कादंबरीवरून केलेला एखादा हलकाफुलका प्रेमाचा मूकपट सुचवाल का? संवादच नसले तर कंटाळा येत नाही का?

तुम्ही लिहिलंय की चॅप्लिनचे दोन-तीन सोडले तर मूकपट पाहिलेले नाहीत. पोट धरून हसवणारे चालतात, पण प्रेमकथा आणि तीही कादंबरीवरून घेतलेली म्हटली की बोलण्यावाचून ती कशी उभी राहणार, असा प्रश्न पडतो. एकच नाव सांगा, असंही म्हटलंय.

एकच सांगायचं तर 'माय बेस्ट गर्ल'. साल १९२७, नायिका मेरी पिकफर्ड, नायक चार्ल्स 'बडी' रॉजर्स, दिग्दर्शक सॅम टेलर. कॅथलीन नॉरिस यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून केलेला. लांबी दीड तासाच्या आतच.

मी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा एकटीने, रात्री, मोबाइल हातात ठेवून. आवडला, पण 'गोड आहे' यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्यांदा आईबरोबर पाहिला, तेव्हा तो कशाबद्दल आहे ते कळलं. म्हणून उत्तरात आई वारंवार येईल, चालवून घ्या.

गोष्ट आधी थोडक्यात. मॅगी जॉन्सन ही एका मोठ्या दुकानात माल ठेवण्याच्या खोलीत काम करणारी मुलगी. दुकान 'पाच आणि दहा सेंट'वालं. आपल्याकडे जत्रेत 'हर एक माल'ची गाडी लागते, तिचाच मोठा अवतार समजा: काचेची काउंटर, त्यांच्यावर भांडी, खेळणी, रिबिनी, सगळं ठरलेल्या स्वस्त दराचं. अमेरिकेत त्या काळी अशा दुकानांच्या साखळ्याच्या साखळ्या होत्या आणि वुलवर्थ हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. या धंद्याच्या पैशावर त्यांनी १९१३ साली न्यू यॉर्कमध्ये जगातली तेव्हाची सर्वांत उंच इमारत उभी केली होती. तर अशा एका दुकानाचे मालक म्हणजे मेरिल शेठ. त्यांचा मुलगा जो. त्याचं लग्न एका बड्या घरच्या मुलीशी ठरत आलंय, पण त्याआधी स्वतःच्या कर्तबगारीवर काहीतरी करून दाखवायचं म्हणून तो 'जो ग्रँट' असं खोटं आडनाव लावून आपल्याच दुकानात नोकरीला येतो. त्याला काम शिकवायची जबाबदारी मॅगीवर पडते. पुढे काय होणार हे तुम्हाला आत्ताच कळलं असेल. कळू द्या, त्याने काही बिघडत नाही.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. मधे मधे ज्या अक्षरांच्या पाट्या येतात त्या मी मराठीत मोठ्याने सांगत होते. आपल्याकडे मूकपटांच्या काळात थिएटरात हेच चालायचं. पाट्या दोन-तीन भाषांत असत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवत असे. पहिली वीसेक मिनिटं मी अगदी इमानेइतबारे एकूण एक पाटी सांगितली. मग एका जागी आईच म्हणाली, "थांब गं, बघू दे." तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे.

ती जागा म्हणजे डबा खाण्याचा प्रसंग. दुकानात या दोघांना बसायला जागा नाही. मालाच्या खोलीत एक मोठं लाकडी खोकं पडलेलं असतं, त्यात शिरून ते जेवतात. कॅमेरा जवळ. दोघं खोक्यात अशी बसलेली की हलायचं म्हटलं तरी एकमेकांना धक्का लागणार. काहीही 'घडत' नाही. खाणं आहे, एकमेकांकडे बघणं आहे, बघून नजर वळवणं आहे. कादंबरीत इथे लेखिकेला 'तिच्या मनात आलं' असं लिहिता येतं, दोन पानं लिहिता येतात. इथे ती सोय नाही, म्हणून दिग्दर्शकाने त्या दोन पानांचं काम एका खोक्याला दिलंय. बाहेर शेकडो गिऱ्हाइकं, वर दुकानाचा गलका, आणि जगात या दोघांची म्हणून एवढीच चौकोनी जागा.

आई माझी सांगलीत एका कापड दुकानात बावीस वर्षं होती. काउंटरला नंतर आली, आधीची काही वर्षं माडीवर, मालाकडे. खालून हाक आली की तागे काढून द्यायचे, गिऱ्हाइकाने न घेतलेल्यांच्या घड्या घालून परत खणात लावायचे. ते खोकं पाहून ती म्हणाली, "आम्ही गठ्ठ्यांच्या मागे जेवायचो. शेठ माडीवर आले तरी दिसत नसू." मग हसली. मला हे माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत तिने दुकानातल्या जेवणाबद्दल कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

सॅम टेलर हा माणूस हॅरल्ड लॉइड या विनोदी नटाच्या चित्रपटांतून आलेला. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा लॉइड तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. 'सेफ्टी लास्ट' हा तो चित्रपट, १९२३ सालचा, आणि त्यातही नायक दुकानातला कारकूनच. टेलर त्याचा सहदिग्दर्शक होता. त्यामुळे वस्तूंमधून विनोद कसा काढायचा हे त्याच्या हातात बसलेलं होतं. 'माय बेस्ट गर्ल'मध्ये तेच कसब तो प्रेमासाठी वापरतो. एक प्रसंग मुद्दाम सांगते. सुटी झाल्यावर मॅगी एका ट्रकच्या मागच्या कडेला बसून निघालेली असते. जो रस्त्यावर राहिलाय. आता 'तू पण ये ना' असं त्या काळातल्या मुलीने कसं म्हणायचं? ती आपल्याजवळची वस्तू खाली पाडते. तो बिचारा उचलून, धावत येऊन देतो. ट्रक पुढे जातो. ती पुन्हा काहीतरी पाडते. तो पुन्हा धावतो. तिच्या चेहऱ्यावर 'अय्या, पडलं वाटतं!' आणि डोळ्यांत भलतंच. शेवटी तो ट्रकमध्ये येतोच. संवाद असता तर या प्रसंगात फार तर एक चुरचुरीत वाक्य आलं असतं आणि आपण ते विसरलो असतो. इथे एक मुलगी लाज राखून एका मुलाला बोलावते आहे, हे आपण आपल्या डोळ्यांनी पकडतो. कुणी सांगितलेलं नाही, आपल्याला दिसलंय, म्हणून ते आपलं होतं.

तसाच पावसातला रस्ता. धो-धो पाऊस, गाड्यांची गर्दी, आणि ही दोघं रस्त्याच्या मधोमध बोलत चाललीत. भिजतोय याचं भान नाही, गाड्या अंगावर येतायत याचं भान नाही. काय बोलतायत ते आपल्याला ऐकू येत नाही आणि चित्रपट तिथे सांगायच्या फंदातही पडत नाही. तसं बोलणं बाहेरच्या माणसाला ऐकून काही मिळत नसतंच.

छायाचित्रण चार्ल्स रोशर यांचं. अनेक वर्षं ते मेरी पिकफर्डचे कॅमेरामन होते. त्याच १९२७ मध्ये आलेल्या, दिग्दर्शक मुर्नाउच्या 'सनराइज' या चित्रपटासाठी त्यांना कार्ल स्ट्रसबरोबर पहिल्यावहिल्या ऑस्करमध्ये छायाचित्रणाचं पारितोषिक मिळालं. दिव्यांचा ओला उजेड, मागे पुसट होत जाणारी गर्दी, चेहऱ्यावरचा मऊ प्रकाश, हे सगळं त्या हातचं आहे. जुना चित्रपट म्हणजे पांढऱ्या रेघा आणि ठिपके असं मनात असेल तर चांगली प्रत मिळवून हा पाहा.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येते. श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगी, मधे आईबाप, ही गोष्ट आपण शंभरदा पाहिली आहे. सुरुवातीला मलाही हा त्यातलाच वाटला होता. पण नीट पाहिलं तर मॅगीच्या वाटेत मेरिल शेठ फारसे आडवे येतच नाहीत. आडवं येतं तिचं स्वतःचं घर. वडील टपाल वाटणारे, थकलेले, कुणाला 'नाही' म्हणता न येणारे. आईला भलत्यांच्या अंत्ययात्रांना जाऊन रडायची आवड (हा विनोद चित्रपटात बराच वेळ चालतो आणि दर वेळी हसवतो). बहीण लिझ नको त्या माणसाबरोबर रात्री-बेरात्री हिंडणारी. या तिघांना सांभाळणारं घरात एकच माणूस, ते म्हणजे ही चणीने लहानखुरी मॅगी. दुकानातून दमून यायचं आणि घरात पुन्हा दुसरी पाळी सुरू करायची. ती प्रेमात पडते तेव्हा तिला पडलेला प्रश्न 'तो माझा होईल का' हा नाहीच. मी गेले तर यांचं कोण बघणार, हा आहे.

आपल्याकडे अशा मुलीला एक शब्द आहे: कर्ती. घरातली कर्ती मुलगी. तिचं सगळे कौतुक करतात आणि तिच्या लग्नाचा विषय मात्र 'बघू पुढे' म्हणून लांबतो.

ही कर्ती मुलगी कुठून आली ते पाहिलं की कादंबरी आणि चित्रपटाचं नातंही कळतं. कॅथलीन नॉरिस सॅन फ्रान्सिस्कोच्या. एकोणिसाव्या वर्षी आई आणि वडील दोघेही गेले आणि पाठच्या भावंडांची जबाबदारी अंगावर आली. त्यांनी पहिली नोकरी धरली ती एका मोठ्या दुकानात. पुढे त्या लेखिका झाल्या, ऐंशीहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, अमेरिकेत घराघरांत वाचल्या गेल्या. दुकानातली मुलगी आणि तिच्या मागचं घर त्यांना कल्पनेने रचावं लागलेलं नाही.

आणि मेरी पिकफर्ड? जन्म १८९२, टोरांटो. खरं नाव ग्लॅडिस स्मिथ. लहानपणीच वडील वारले, आणि खेळायच्या वयात ती रंगमंचावर उभी राहिली. आई शार्लट, बहीण लॉटी, भाऊ जॅक, सगळ्यांचं मिळून जे घर चाललं ते मुख्यतः हिच्या मिळकतीवर. पुढे ती जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नट्यांपैकी एक झाली, आणि १९१९ मध्ये चॅप्लिन, नट डग्लस फेअरबँक्स (पुढे तिचा नवरा) आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्या बरोबरीने 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही कंपनी काढली. पडद्यावर लोकांना ती कुरळ्या केसांची अल्लड पोर म्हणूनच हवी असे, तिशीतही तिने लहान मुलींच्या भूमिका केल्या. 'माय बेस्ट गर्ल'च्या वेळी ती पस्तिशीची होती. इथे निदान ती कमावती, वयात आलेली मुलगी आहे, आणि घर ओढणाऱ्या बाईचा थकवा तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणून या चित्रपटाचा शेवटाकडचा भाग मला मूकपटांतल्या सगळ्यात मोठ्या अभिनयांपैकी एक वाटतो. मधलं थोडं सांगते. जो एकदा मॅगीला स्वतःच्याच बंगल्यावर जेवायला नेतो आणि थाप मारतो की मेरिल शेठ कामगारांना असं जेवू घालतात. तिथे बिंग फुटतं. मग बहिणीची भानगड कोर्टापर्यंत जाते, जोही त्यात ओढला जातो. (कोर्टाचा भाग मला लांबलेला वाटतो, आणि लिझच्या मनात काय चाललंय याकडे चित्रपट ढुंकूनही बघत नाही. ही त्याची खरी उणीव.) शेवटी मेरिल शेठ चेकबुक घेऊन जॉन्सनांच्या घरी येतात. पोराचा नाद सोडायचे किती घेशील?

मॅगीने काय करावं? पैसे तिला नकोच आहेत. पण आपल्यापायी जोचं नुकसान होणार आणि आपण घर सोडूच शकत नाही, या दोन गोष्टी तिला पक्क्या ठाऊक आहेत. म्हणून त्याने आपल्याला मनातून काढून टाकावं यासाठी ती नाटक करते. ओठांना भडक रंग फासते, सिगारेट ओढते, रेकॉर्ड लावून नाचते, आणि सांगते की मला तर पहिल्यापासून पैसाच हवा होता.

इथे संवाद नसण्याचं बळ कळतं. पाटीवर जी अक्षरं येतात ती सगळी खोटी. चेहऱ्यावर जे येतं ते सगळं खरं. दोन्ही एकाच वेळी पडद्यावर येऊ शकत नाहीत: आधी पाटी, मग चेहरा, मग पुन्हा पाटी. म्हणजे खोटं एकीकडे आणि खरं एकीकडे, मधे कापलेलं. बोलपटात नटीने तेच वाक्य कापऱ्या आवाजात म्हटलं असतं आणि आवाजानेच गुपित फोडलं असतं. इथे आवाज नाही. फासलेल्या रंगाखाली हळूहळू हलायला लागलेले ओठ आहेत. ती नाचता नाचता थांबते, पुन्हा अवसान आणते, आणि मग ते अवसान गळतं. मी त्या वेळी आईला पाटी सांगायला तोंड उघडलं आणि तिने माझ्या हातावर हात ठेवून गप्प केलं. खोटं काय लिहिलंय ते तिला ऐकायचंच नव्हतं.

थोडी बाहेरची माहिती, कारण तुम्हाला या काळाबद्दल कुतूहल दिसतंय. हा चित्रपट आला ऑक्टोबर १९२७ मध्ये. त्याच महिन्याच्या सुरुवातीला 'द जॅझ सिंगर' लागला होता आणि पडद्यावर माणूस गाऊ-बोलू लागला होता. 'माय बेस्ट गर्ल' हा पिकफर्डचा शेवटचा मूकपट ठरला. पुढच्या वर्षी तिची आई गेली, त्यानंतर तिने ते जगप्रसिद्ध कुरळे केस कापून टाकले. पहिला बोलपट 'कॉकेट', १९२९ चा, त्याला तिला ऑस्कर मिळालं, पण १९३३ नंतर तिने पडद्यावर काम केलं नाही. बडी रॉजर्स तिच्याहून बारा वर्षांनी लहान. १९२७ मध्येच आलेल्या 'विंग्ज'चा तो नायक, म्हणजे पहिल्या ऑस्करच्या सर्वोत्तम चित्रपटाचा. फेअरबँक्सशी घटस्फोट झाल्यावर १९३७ मध्ये तिने याच बडीशी लग्न केलं आणि १९७९ मध्ये ती जाईपर्यंत ते टिकलं. हे माहीत असलं की खोक्यातला प्रसंग पाहताना जरा वेगळंच वाटतं.

पाहायचा कसा, हेही सांगते. अमेरिकेत १९२७ सालचे चित्रपट १ जानेवारी २०२३ पासून स्वामित्व हक्कातून मोकळे झालेत, त्यामुळे इंटरनेटवर याच्या प्रती सापडतात. पण पहिली दिसेल ती लावू नका. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर प्रत चुकीच्या वेगाने उतरवली आहे असं समजा. मूकपटांच्या काळात कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांचा वेग आजच्यासारखा सेकंदाला २४ चित्रं असा बांधलेला नव्हता. तो आवाजाबरोबर आला. मूळचे नट काही पळत नव्हते. संगीतही मागाहून जोडलेलं असतं, तेव्हा थिएटरात वादक समोर बसून वाजवायचे. जोडलेलं संगीत कानाला टोचत असेल तर खुशाल आवाज बंद करा. आणि मोबाइल लांब ठेवा. बोलपट कानाने ऐकत ऐकत आपण दुसरं काही करू शकतो, इथे नजर हटली की गोष्ट हटली. मला पहिल्यांदा तो नुसता 'गोड' वाटला त्याचं कारण तेच होतं. शक्य असेल तर कुणाबरोबर तरी बसून पाहा, आणि घरात इंग्रजी न येणारं कुणी असेल तर त्यांना आधी बोलवा.

शेवटचा एक प्रसंग सांगायचा राहिला. मॅगीचं नाटक कोसळल्यावर सगळं समोर येतं, तरी ती घरातून पाऊल उचलत नाही. यांचं कोण बघणार? तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात मान खाली घालून असलेले तिचे वडील उठतात. तो मवाळ टपालवाला पहिल्यांदा घरावर आवाज चढवतो: या घराचा बाप मी आहे, मी बघतो, तू जा. आणि तिला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढतो. मग धावपळ, बोट गाठायची घाई, हशा, सगळं व्यवस्थित पार पडतं.

आईचं लग्न तिच्या दोन बहिणींच्या आणि एका भावाच्या नंतर झालं. बत्तिसाव्या वर्षी. माझ्या आजोबांबद्दल ती कधी वावगं बोलली नाही, त्या दिवशीही बोलली नाही. चित्रपट संपला, मी दिवा लावायला उठले, तर म्हणाली, "तो बापाचा भाग परत लाव."

मी मागे नेऊन लावला. पाटी आली तेव्हा तिने काय लिहिलंय ते विचारलं नाही.